हद्दीपलीकडचा नकाशा कोरा ठेवू नका : शेजारी शहरांच्या कारभाऱ्यांना खुले पत्र

मा. महापौर, सर्व नगरसेवक आणि नगररचना अधिकारी,

विकास आराखड्याचा कुठलाही नकाशा उघडून पाहा. हद्दीच्या आत प्रत्येक भूखंडाला रंग दिलेला असतो, रस्त्यांच्या रुंद्या लिहिलेल्या असतात, कुठे किती मजले चढतील हेही ठरलेले असते. हद्दीची तुटक रेघ ओलांडली की पुढे पांढरा कागद. त्या पांढऱ्या जागेत प्रत्यक्षात दुसरे शहर नांदत असते. तिथेही तुमच्यासारखीच एक समिती बसते आणि तीही आपल्या नकाशात तुमची जागा कोरी सोडते. उंच इमारतींना एक शहर ‘नको’ म्हणते, दुसरे ‘या’ म्हणते, आणि हा आपला घरचा निर्णय आहे असे दोघांनाही वाटते.

हा निर्णय घरचा नाही, हे सांगायला मी लिहितो आहे. एका शहराने नाकारलेली उंची विरून जात नाही. कार्यालयांची आणि घरांची मागणी हद्द ओलांडते आणि जिथे परवानगी मिळेल तिथे उभी राहते. तिची सावली कुणावर पडणार, तिची गर्दी कुणाच्या रेल्वेत शिरणार, तिचा कर कुणाच्या तिजोरीत जाणार, तिच्यापायी घर कुणाला सोडावे लागणार, हे मग कुणीच ठरवलेले नसते. म्हणून माझी मागणी अशी की उंचीचे नियम शेजाऱ्याशी बोलून ठरवा आणि जे ठरेल ते लेखी ठेवा. दोन्ही शहरांचे नियम सारखेच हवेत असा माझा आग्रह नाही. दोन शेजारी शहरांचे स्वभाव वेगळे असतात, आणि ते तसे राहावेत.

स्वभाव वेगळे का असतात, याची कारणे बहुतेक वेळा इतिहासात सापडतात. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमचे जुने मध्यवर्ती शहर १४ मे १९४० च्या बॉम्बहल्ल्यात बेचिराख झाले. जपायला जुने फारसे उरलेच नव्हते, म्हणून त्या शहराने नव्याची भीती बाळगली नाही. आज तिथला झाल्महावन टॉवर २१५ मीटर उंच आहे. रेल्वेने तासाभराच्या आत असलेल्या अॅमस्टरडॅमचा कालव्यांचा जुना पट्टा मात्र शाबूत राहिला आणि २०१० मध्ये जागतिक वारसा यादीत गेला. त्यामुळे तिथे प्रत्येक उंच प्रस्तावाकडे आधी ‘हा कालव्यावरून दिसेल का?’ या नजरेने पाहिले जाते. या दोघांपैकी एकाला पुढारलेले आणि दुसऱ्याला मागासलेले ठरवणे अन्यायाचे होईल. प्रश्न तिथून पुढे सुरू होतो.

मला सगळ्यांत बोलके वाटते ते अमेरिकेच्या राजधानीचे, वॉशिंग्टनचे उदाहरण. १८९४ मध्ये तिथे ‘द कैरो’ नावाची १६४ फूट उंचीची निवासी इमारत उभी राहिली. आज ही उंची कुणाच्या डोळ्यांत भरणार नाही, पण त्या काळच्या अग्निशमन दलाच्या शिड्या तिथवर पोहोचत नव्हत्या, आणि आजूबाजूच्या रहिवाशांनी गदारोळ केला. लगेच उंचीवर बंधने आली, १८९९ मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायदा केला आणि १९१० मध्ये त्याला आजही लागू असलेले रूप आले. सूत्र साधे आहे. समोरच्या रस्त्याच्या रुंदीत २० फूट मिळवा, तेवढी इमारतीची उंची. व्यापारी रस्त्यांवर बहुतेक ठिकाणी कमाल मर्यादा १३० फूट. कॅपिटॉलच्या, म्हणजे अमेरिकी संसदभवनाच्या, घुमटापेक्षा उंच काही असू नये म्हणून हा कायदा झाला, असे लोक अजूनही सांगतात. कायद्याचे सूत्र मात्र रस्त्याच्या रुंदीवर बेतलेले आहे, आणि त्यामागे आगीची आणि उजेडाची काळजी होती. उंचीविरोधाची खरी कारणे अशी काळाच्या ओघात विसरली जातात आणि त्यांच्या जागी प्रतिष्ठेच्या गोष्टी येऊन बसतात, हे तुमच्याही शहरात घडत असेल.

आता पोटोमॅक नदी ओलांडा. पलीकडच्या काठावर व्हर्जिनिया राज्यातली आर्लिंग्टन काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा कारभारी विभाग, आहे. राजधानीसाठी मुळात नदीच्या दोन्ही काठांची जमीन घेतली होती. १८४६ मध्ये काँग्रेसने पलीकडचा तुकडा व्हर्जिनियाला परत देण्याचे ठरवले. तो परत गेला नसता तर १९१० चा कायदा तिथेही लागला असता. एका जुन्या रेघेमुळे तो लागला नाही, आणि नदीकाठच्या रॉसलिन भागात एकामागून एक टॉवर उभे राहू लागले. राजधानीत न मावणारी कार्यालये पूल ओलांडून तिथे गेली. १९७० च्या दशकाच्या शेवटी आणखी उंच इमारतींचे प्रस्ताव आले, तेव्हा केंद्र सरकारने आर्लिंग्टनच्या काउंटी मंडळाविरुद्ध दावा लावला. या इमारती राजधानीच्या स्मारकांमागे उभ्या दिसतील, हा सार्वजनिक उपद्रव आहे, असे सरकारचे म्हणणे होते. १९७९ मध्ये न्यायालयाने ते मानले नाही आणि टॉवर झाले.

देशाचे केंद्र सरकार, हाताशी सगळे कायदेपंडित, आणि तरीही एका काउंटीपुढे त्यांना काही करता आले नाही, कारण बोलणे कोर्टात सुरू झाले. प्रस्ताव मंजूर झाले, पैसे गुंतले, आणि त्यानंतर शेजाऱ्याला आठवले की समोरच्या काठावरचे आकाश आपलेही आहे. इतक्या उशिरा कोणत्याही न्यायाधीशाच्या हाती फारसे काही उरत नाही.

याच आर्लिंग्टनची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण मला ती फार मोलाची वाटते. मेट्रो रेल्वेची आखणी चालू होती तेव्हा मार्ग महामार्गाच्या मधल्या पट्टीतून नेणे स्वस्त पडणार होते. आर्लिंग्टनने तो आपल्या जुन्या, उतरती कळा लागलेल्या बाजाररस्त्याखालून भुयारी न्यायला लावला आणि त्यासाठी जादा पैसे मोजायची तयारी दाखवली. रॉसलिन ते बॉलस्टन अशी पाच स्थानके ओळीने आली. उंचीची परवानगी स्थानकाभोवती सर्वांत जास्त, आणि तिथून बाहेर जाल तसे मजले उतरत जातात. आज त्यातल्या एखाद्या स्थानकातून बाहेर पडलात तर डोक्यावर टॉवर असतात, दोन रस्ते पलीकडे चार-सहा मजल्यांच्या इमारती लागतात, आणि थोड्याच मिनिटांत तुम्ही झाडांच्या सावलीतल्या, पुढे-मागे अंगण असलेल्या घरांपाशी पोहोचता. या घरांना अभय मिळाले होते म्हणून त्या रहिवाशांनी टॉवर सहन केले. म्हणजे कुठे उंच आणि कुठे कदापि नाही, हे एका वेळी आणि एकाच नकाशावर सांगितले तर लोक ऐकून घेतात. आर्लिंग्टनने हे आपल्या हद्दीच्या आत साधले. नदीपलीकडच्या शेजाऱ्याबरोबर मात्र असा नकाशा कधी मांडला गेला नाही, याची मला खंत वाटते.

पॅरिसमध्ये हीच गोष्ट वेगळ्या वळणाने घडली. १९७३ मध्ये मोंपार्नासचा २०० मीटरहून उंच टॉवर पूर्ण झाला आणि तो शहराला इतका खुपला की १९७७ मध्ये पॅरिसने नव्या इमारतींवर ३७ मीटरची कमाल मर्यादा घातली, मध्यभागात त्याहूनही कमी. शहराच्या पश्चिम वेशीबाहेर, कूर्बव्हा, प्युतो आणि नान्तेर या शेजारी नगरपालिकांच्या जमिनीवर ला देफाँसचे कार्यालयी केंद्र मात्र १९५८ पासून आकाराला येत होते. उंचीला तिथे वाट मिळाली. पण दृष्टीला हद्द कळत नाही. ला देफाँसचे टॉवर शाँझेलिझे या पॅरिसच्या राजरस्त्यावरून विजयकमानीच्या मागे डोके वर काढताना दिसू लागले, तेव्हा १९७२ मध्ये मोठा वाद पेटला. पुढे २०१० नंतर पॅरिसने आपल्या कडेच्या काही जागांवर उंचीचे दार किलकिले केले. १८० मीटरच्या त्रिकोणी टॉवरचा प्रस्ताव २०१४ मध्ये नगरसभेने फेटाळला, २०१५ मध्ये मंजूर केला, आणि २०२३ मध्ये नव्या आराखड्यात ३७ मीटरची मर्यादा परत आणली. पॅरिसचे मन असे दोलायमान राहिले आणि दर वळणाला निर्णय फक्त पॅरिसच्या नगरसभेत झाला.

यातली गर्दीची बाजू मला दृश्यापेक्षाही गंभीर वाटते. ला देफाँसला जाणारी आरईआर ए ही उपनगरी रेल्वे पॅरिसच्या पोटातून जाते आणि युरोपातल्या सर्वाधिक गर्दीच्या मार्गांपैकी एक आहे. पॅरिसने जे टॉवर नाकारले त्यांच्यात कामाला जाणारी माणसे रोज सकाळी पॅरिसच्याच जमिनीखालून, खांद्याला खांदा लावून जातात. या मार्गावरचा भार हलका करायला दुसरी रेल्वे, आरईआर ई, ला देफाँस आणि नान्तेरपर्यंत पोहोचली ती २०२४ मध्ये. टॉवर आधी आले आणि पुरेशी रेल्वे काही दशकांनी. एकाच्या हद्दीत इमारती आणि दुसऱ्याच्या हद्दीतून प्रवास अशी फाळणी झाली की हा उशीर ठरलेलाच असतो, कारण परवानगी देणाऱ्याला गर्दी सोसावी लागत नाही आणि गर्दी सोसणाऱ्याला परवानगीत बोलता येत नाही.

आता ठेंगण्या शहरांच्या कारभाऱ्यांशी थोडे स्पष्ट बोलतो.

तुमच्या आकाशरेषेचा तुम्हाला अभिमान आहे, आणि तो रास्त आहे. पण टॉवर नाकारताना घरेही नाकारली जात आहेत का, हे तपासून पाहा. उंची आणि घनता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पॅरिसमध्ये चौरस किलोमीटरला सुमारे २०,००० माणसे राहतात, आणि त्यातली बहुतेक सहा-सात मजल्यांच्या, रस्त्याला लागून एकमेकींना चिकटून उभ्या असलेल्या इमारतींत. केंब्रिज विद्यापीठात लेस्ली मार्टिन आणि लायोनेल मार्च यांनी १९६० च्या दशकात याचे गणितच मांडून दाखवले. भूखंडाच्या मधोमध सुटा टॉवर उभा करण्याऐवजी तेवढेच चटईक्षेत्र कडेकडेने फिरवून मध्ये चौक सोडला, तर उंची कितीतरी कमी होते. म्हणजे टॉवर न बांधताही भरपूर माणसांना जागा देता येते. पण तुमच्या नियमांत सहा मजलेही बसत नसतील, एकेका घराभोवती बाग हीच सगळ्या शहराची व्याख्या असेल, तर तुमच्याकडे जागा न मिळालेली माणसे शेजारच्या शहराच्या दारात जाऊन उभी राहतात. मग शेजाऱ्याने बांधलेल्या टॉवरला नावे ठेवण्याचा अधिकार तुमच्याकडे उरत नाही.

मतदानाने प्रश्न सुटतो असेही काहींना वाटते. २००४ मध्ये जर्मनीतल्या म्यूनिखमध्ये सार्वमत झाले आणि ५०.८ टक्के मतांनी ठरले की फ्राउएनकिर्श या जुन्या चर्चच्या मनोऱ्यांपेक्षा, म्हणजे सुमारे १०० मीटरपेक्षा, उंच इमारत होऊ नये. लोकांना विचारले हे चांगलेच. पण मत दिले ते शहराच्या हद्दीत राहणाऱ्यांनी. रोज गाडी पकडून त्या शहरात कामाला येणाऱ्या आणि तिथे घर न परवडणाऱ्या माणसाला त्या मतपेटीत जागा नव्हती. इतक्या निसटत्या निकालात तो आवाज कुठल्या पारड्यात पडला असता हे कुणी सांगावे!

उंच शहरांच्या कारभाऱ्यांनीही हे वाचताना निर्धास्त होऊ नये. व्हँकूव्हर आणि बर्नाबी या कॅनडातल्या दोन शहरांमध्ये एक रस्ता आहे, त्याचे नावच बाउंडरी रोड. पश्चिमेला व्हँकूव्हर, पूर्वेला बर्नाबी. व्हँकूव्हरने १९८९ मध्ये उत्तरेकडच्या डोंगरांची दृश्ये राखण्यासाठी मध्यवर्ती भागावर दृश्यपट्टे आखले. ठरावीक सार्वजनिक जागांवरून डोंगर दिसलेच पाहिजेत, त्या रेषेत कुणी आडवे यायचे नाही. २०२४ मध्ये त्यातले काही नियम त्यांनी सैल केले, पण तीसेक वर्षे शहराचा आकार या पट्ट्यांनी घडवला. बर्नाबीने स्कायट्रेन या शहरी रेल्वेच्या स्थानकांभोवती टॉवरना मोकळी वाट दिली. तिथल्या गिलमोर स्थानकाजवळची एक इमारत आज ६४ मजल्यांची आहे.

कागदावर हे सगळे शहाणपणाचे दिसते. स्थानकाजवळ उंची असावी, असे मीही वर आर्लिंग्टनबद्दल म्हटलेच. पण मेट्रोटाउन भागात स्थानकाजवळची जमीन मोकळी नव्हती. तिथे काही दशकांपूर्वी बांधलेल्या तीनमजली लाकडी इमारती होत्या आणि त्यांत माफक भाड्याने राहणारी कुटुंबे होती. टॉवरसाठी त्या इमारती पाडल्या जाऊ लागल्या. घरे पाडून भाडेकरूंना बाहेर काढण्याच्या या प्रकाराला तिथल्या लोकांनी ‘डेमोव्हिक्शन’ असे नाव दिले. त्या वर्षांत महानगरात भाड्याची रिकामी घरे अगदीच कमी होती, त्यामुळे बाउंडरी रोड ओलांडूनही या कुटुंबांची सोय होणार नव्हती. २०१८ च्या निवडणुकीत बर्नाबीचे अनेक वर्षांचे महापौर डेरेक कॉरिगन पराभूत झाले आणि माइक हर्ली निवडून आले. त्यात या प्रश्नाचा मोठा वाटा होता. त्यानंतर बर्नाबीने भाडेकरूंसाठी जे धोरण आणले ते माझ्या मते प्रत्येक उंच शहराने अभ्यासावे. बांधकाम चालू असताना दुसरीकडे राहणाऱ्या भाडेकरूला वाढीव भाड्याचा फरक विकासकाने द्यायचा, आणि नवी इमारत झाली की त्याच माणसाला जुन्या दरातच घर द्यायचे.

हे धोरण पहिली इमारत पडण्याआधी यायला हवे होते. आणि त्याचा भार एकट्या बर्नाबीवर का? पलीकडच्या शहराने आपल्या डोंगरांच्या दृश्यासाठी आणि एकेकट्या घरांच्या वस्त्यांसाठी जी बंधने घातली, त्यांच्यामुळेही मागणी पूर्वेकडे सरकली. त्या महानगरातल्या शहरांना एकत्र बसण्याचे व्यासपीठ होते. १९७५ मध्येच तिथल्या प्रादेशिक आराखड्याने मेट्रोटाउनला उपकेंद्र म्हणून सुचवले होते. उंची कुठे जावी हे मिळून ठरले. उंचीमुळे हलणाऱ्या माणसांची जबाबदारी कुणाची, ते मात्र मिळून ठरले नाही. तुम्ही एकत्र बसाल तेव्हा ही दुसरी गोष्ट आधी बोला.

सावली, वारा आणि दृश्य यांच्याबद्दल फार लिहीत नाही, कारण हे परिणाम तुमच्या अभियंत्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहेत. उत्तर गोलार्धात, उष्ण कटिबंधाच्या वर, टॉवरची दुपारची सावली उत्तरेला पडते. दक्षिणेकडच्या शहराने आपल्या उत्तर टोकावर टॉवर उभा केला तर हिवाळ्यातले ऊन जाते ते शेजाऱ्याचे. उंचावरचा जोराचा वारा इमारतीला आपटून खाली रस्त्यावर उतरतो. इंग्लंडमध्ये लीड्सच्या ११२ मीटरच्या ब्रिजवॉटर प्लेसपाशी २०११ मध्ये अशा वाऱ्याने ट्रक उलटला आणि पायी जाणारा एक माणूस दगावला.

दृश्याबाबत मात्र लंडनची एक जागा सांगितल्याशिवाय राहवत नाही. शहराच्या नैर्ऋत्येला रिचमंड पार्कमध्ये किंग हेन्रीज माउंड नावाची टेकडी आहे. तिथल्या हिरव्या कुंपणात एक फट मुद्दाम छाटून राखलेली आहे, आणि तिला डोळा लावला की १६ किलोमीटरवरचा सेंट पॉल्स कॅथीड्रलचा घुमट झाडांच्या चौकटीत बसलेला दिसतो. या एका रेषेसाठी नियम आहेत आणि लंडनच्या मध्यात तिच्या वाटेत कुणी येऊ शकत नाही. घुमटाभोवतीच्या इमारतींची उंची तर १९३० च्या दशकापासून राखलेली आहे. २०१६ मध्ये लोकांच्या लक्षात आले की घुमटाच्या मागे काहीतरी उगवते आहे. तो पार पूर्वेला, न्यूहॅम बरोच्या (बरो म्हणजे लंडनमधला स्वतंत्र पालिका-विभाग) स्ट्रॅटफर्डमधला ४२ मजली टॉवर होता. त्याला परवानगी रीतसर मिळाली होती. टेकडी एका बरोची, घुमट दुसऱ्या कारभाराखाली, आणि टॉवर तिसऱ्याकडे. इतकी वर्षे जपलेल्या दृश्याचे भान परवानगी देणाऱ्या टेबलापर्यंत पोहोचले नाही. कुंपणातली फट आजही छाटली जाते, घुमटाची मागची बाजू मात्र पूर्वीसारखी मोकळी राहिली नाही.

बोलून मार्ग निघतो याचाही दाखला आहे. हडसन नदीच्या न्यू जर्सीकडच्या काठावर पॅलिसेड्स नावाचे उभे कडे आहेत. समोरच्या न्यूयॉर्कच्या काठावर क्लॉइस्टर्स हे संग्रहालय आहे, आणि तिथून दिसणारे कडे तसेच राहावेत म्हणून जॉन डी. रॉकफेलर ज्युनियर यांनी पलीकडची जमीन विकत घेऊन उद्यानासाठी दिली होती. त्या कड्यांवरच्या एंगलवुड क्लिफ्स या छोट्या गावात एलजी कंपनीने १४३ फूट उंचीचे मुख्यालय आखले. ते झाडांच्या वर डोके काढणार होते. गावाला कर हवा होता, समोरच्या काठाला कडे हवे होते. आंदोलने झाली, कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि २०१५ मध्ये तडजोड झाली. इमारत ६९ फुटांवर आली, मुख्यालय त्याच गावात राहिले, कर त्याच गावाला मिळत राहिला. हे सुरुवातीला टेबलाशी बसून झाले असते तर दोन्ही काठांची मधली वर्षे वाचली असती.

आणि कराचा विषय निघालाच आहे तर तो पूर्ण करू, कारण उंचीबद्दलच्या बहुतेक तात्त्विक भांडणांच्या तळाशी तोच असतो. एक मोठा कार्यालयी टॉवर नगरपालिकेला जो महसूल देतो त्यासाठी शेजारी शहरे एकमेकींवर कुरघोडी करतात, सवलतींचा लिलाव मांडतात. ज्या शहराला टॉवर मिळतो त्याला पैसा मिळतो. तिथे काम करणारी माणसे ज्या शहरात राहतात, तिथल्या शाळा, पाणी आणि दवाखाने यांचा खर्च मात्र त्या दुसऱ्या शहरावर पडतो. मिनेसोटा राज्याने यावर १९७१ मध्येच उपाय केला. मिनियापोलिस आणि सेंट पॉल ही जोडशहरे. मिनियापोलिसच्या आयडीएस सेंटरची उंची २४० मीटरच्या आसपास, तर सेंट पॉल राज्याच्या विधानभवनाची आणि कॅथीड्रलची दृश्ये जपत ठेंगणे राहिलेले. त्या वर्षीच्या कायद्याने ठरवले की व्यापारी आणि औद्योगिक मालमत्तांच्या करपात्र मूल्यात १९७१ नंतर जी वाढ होईल तिचा ४० टक्के भाग सात काउंट्यांच्या सामाईक पोतडीत जाईल, आणि तिथून लोकसंख्या आणि कुवत पाहून सगळ्या गावा-शहरांत वाटला जाईल. पन्नासहून अधिक वर्षे ही व्यवस्था चालू आहे. शेजाऱ्याच्या टॉवरमधून आपल्यालाही काही मिळते हे माहीत असेल तर आपले ठेंगणेपण जपणे परवडते, आणि टॉवर बांधणाऱ्यालाही सगळा पैसा एकट्याने ओढण्याचा मोह राहत नाही.

तेव्हा पुढच्या आराखड्याच्या वेळी एवढे करा. प्रारूप तयार झाले की हरकती-सूचनांसाठी खुले करण्याआधी ते शेजारच्या शहराला पाठवा, आणि त्यांचे उत्तर आराखड्याला जोडून प्रसिद्ध करा. नकाशात हद्दीपलीकडचे निदान दोन किलोमीटर रंगवा, तिथले नियम तिथल्या रंगात. ठरावीक उंचीवरच्या प्रत्येक प्रस्तावाची सूचना आपोआप शेजाऱ्याकडे जावी. मग तो हद्दीला खेटून असो वा आत कुठेही, कारण स्ट्रॅटफर्डचा टॉवर घुमटाच्या जवळपासही नव्हता. महत्त्वाची दृश्ये कोणती याची एकच यादी दोन्ही शहरांनी मिळून करावी. पाडल्या जाणाऱ्या घरांतल्या भाडेकरूंची सोय दोन्ही शहरांच्या हद्दीत करता यावी, आणि तिचा खर्च विकासकाकडून घ्यावा. रेल्वे आणि पाणी यांची क्षमता वाढल्याशिवाय वरचे मजले खुले होणार नाहीत, अशी अट घाला. कराच्या वाटणीला राज्याचा कायदा लागेल. त्यासाठी दोघांनी मिळून एकच अर्ज करा, म्हणजे वरचे सरकार तुम्हाला एकमेकांविरुद्ध खेळवणार नाही.

हे सगळे एकदम जमणार नाही, याची मला कल्पना आहे. म्हणून सुरुवात त्या रस्त्यापासून करा ज्याच्या एका पदपथावर एक शहर आहे आणि दुसऱ्या पदपथावर दुसरे. त्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आज किती उंचीची परवानगी आहे ते दोन्ही शहरांच्या अधिकाऱ्यांनी एका कागदावर लिहावे. दोन्ही बाजूंचे रहिवासी आणि दुकानदार यांना एकाच सभेला बोलवावे. बैठकीचे इतिवृत्त दोन्ही नगरपालिकांनी त्याच आठवड्यात प्रसिद्ध करावे, आणि त्यात कुणी काय मान्य केले, कुणी काय नाकारले आणि का, हे नावानिशी असावे.

आपला,
एका शहरात राहणारा आणि दुसऱ्यात काम करणारा नागरिक